पनवेलची खारजमीन : मोजमाप आणि राखण

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांतून आगेऱ्याचा सण साजरा होतो. नव्या भाताची कणसे वाजतगाजत चर्चमध्ये आणली जातात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. आगर म्हणजे शेत. सणाचे नाव त्यावरूनच पडले. आगरी समाजाच्या नावात हाच शब्द आहे आणि मिठागरातही तोच आहे. भाताला आणि मिठाला एकाच शब्दाने कवेत घ्यावे, यात उत्तर कोकणच्या खाडीकाठचा सारा इतिहास साठवलेला आहे. येथे भाताचे शेत आणि खारे पाणी यांच्यामध्ये पिढ्यान्‌पिढ्या एका मातीच्या बांधाचेच अंतर होते.

पवित्र शास्त्रात मिठाची दोन रूपे दिसतात. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली, ती रुची देणाऱ्या आणि टिकवून धरणाऱ्या मिठाची. शास्ते या पुस्तकात मात्र अबीमलेख शखेम नगर जमीनदोस्त करतो आणि त्या भूमीवर मीठ पेरतो. ही दोन्ही रूपे खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या रोजच्या परिचयाची होती. मीठ विकून तो संसार चालवी आणि तेच मीठ शेतात शिरले की डोक्याला हात लावून बसे.

पनवेल हे गाढी नदीच्या काठचे, खाडीने समुद्राशी जोडलेले जुने बंदर. येथील नगरपालिका १८५२ सालची. भोवतालच्या सखल, चिकण जमिनीवर भरतीचे पाणी येई. ते अडवून भातशेती करण्याच्या रीतीला खारबंदिस्ती म्हणतात. खाडीच्या चिखलाचा आणि दगडांचा बांध घालायचा, त्यात जागोजाग उघाड्या ठेवायच्या. उघाडीचे दार भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. म्हणजे खारे पाणी आत येत नाही, पावसाचे मात्र बाहेर जाते. खेकड्यांनी आणि उंदरांनी केलेली बिळे वेळीच बुजवली नाहीत तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तेथेच खांड पडते. एका रात्रीत पीक जाते आणि जमीन पुन्हा गोडी होण्यासाठी काही पावसाळे वाट पाहावी लागते.

ही राखण एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नव्हती. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अशा जमिनींसाठी शिलोत्री पद्धत होती. बांधाची जबाबदारी शिलोत्रीदारावर असे आणि त्या डागडुजीपोटी शेतकरी धान्याचा ठरावीक हिस्सा देत. पेण-अलिबागच्या खारेपाटात गावाने एकत्र येऊन बांध राखण्याच्या पद्धतीला जोळ म्हणत. खांड पडल्याची हाक आली की आपले शेत कोणते आणि शेजाऱ्याचे कोणते, हा विचार करायला कोणाला सवड नसे.

मात्र या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातला अन्याय विसरून चालणार नाही. बांध सर्वांच्या श्रमाने उभा राही, पण धान्य खोताच्या आणि सावकाराच्या कोठारात जाई. म्हणूनच अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो १९३९ पर्यंत चालला. पुढे १९४८ च्या कूळकायद्याने आणि १९४९ च्या खोती निर्मूलनाच्या कायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळण्याची वाट मोकळी झाली. न्याय झाला; पण शेताला मालक मिळाला तरी बांधाचा मालक कोण, हा प्रश्न उरला. त्यासाठी १९४८ सालीच मुंबई खारभूमी कायदा आला आणि १९७९ साली महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा. बांध हळूहळू सरकारचा झाला. बिळे बुजवणारे हात मात्र मागे सरले आणि डागडुजी मंजुरीच्या कागदांवर अवलंबून राहू लागली.

याच संधिकाळात, चाळीसच्या दशकात, पनवेल येथे खारजमीन संशोधन केंद्र उभे राहिले. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते विद्यापीठाच्या छत्राखाली आले. शेतकरी आजवर माती जिभेला लावून किंवा उन्हाळ्यात जमिनीवर उठणारा पांढरा थर पाहून खार ओळखत असे. ती ओळख खोटी नव्हती, पण तिला आकडा नव्हता. विज्ञानाने तो दिला.

तत्त्व सोपे आहे. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. मीठ विरघळले की वाहू लागते. तेव्हा मातीचा नमुना पाण्याने संपृक्त करून निथळलेल्या द्रावणाची विद्युतवाहकता मोजली की क्षारांचे प्रमाण कळते. ही वाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानतात. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५० असते. भाताचे पीक साधारण ३ पर्यंत तग धरते. त्यापुढे प्रत्येक एककामागे उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटते, म्हणजे ७ च्या आसपास निम्मे पीक गेलेच म्हणायचे.

आकड्यामुळे आणखी एक उलगडा झाला. देशाच्या कोरड्या भागांत चोपण जमिनी आहेत. तेथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, माती घट्ट होते आणि जिप्सम घालून त्याची जागा कॅल्शियमला द्यावी लागते. कोकणच्या खारजमिनीत प्रामुख्याने साधे, विरघळणारे मीठ असते. उन्हाळ्यात खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ पृष्ठभागी उरते. म्हणून एप्रिल-मेमध्ये खार सर्वांत जास्त भरतो. मग अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस येतो आणि ते मीठ धुऊन नेतो. थोडक्यात, येथील औषध आभाळातून फुकट मिळते. मात्र धुतलेले पाणी बाहेर जायला उघाडी चालती हवी आणि खारे पाणी आत येऊ नये म्हणून बांध शाबूत हवा. पिकानंतर जमिनीवर पेंढा अंथरला तर बाष्पीभवन कमी होऊन खार वर येण्यासही आळा बसतो. जुन्या माणसांनी अनुभवाने जे जपले, त्याचेच कारण प्रयोगशाळेने सांगितले.

बियाण्याचेही तसेच झाले. कोकणच्या खारजमिनीतील काळा राता आणि भुरा राता या लाल भातांतून निवड करून काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे क्षार सोसणारे वाण पुढे आले. पनवेलच्या केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे वाण दिले. आमच्या गावाचे नाव असे भाताच्या दाण्यावर कोरले गेले, हे नवीन पनवेलच्या इमारतींत राहणाऱ्या किती कुटुंबांना ठाऊक असेल?

आपल्यापैकी अनेकांची नाती गोव्याशी आहेत. तेथील खाझन शेतीची कथाही याच वळणाची आहे. उघाडीला तेथे मानस म्हणतात आणि बांध गांवकरी राखत. पोर्तुगीज सत्तेनेसुद्धा १५२६ च्या सनदेत गांवकऱ्यांचे जुने रीतिरिवाज लिहून मान्य केले; पुढे त्याच संस्थेला कोमुनिदाद हे नाव पडले. विसाव्या शतकात तेथेही मालकी आणि राखण यांची फारकत झाली आणि कित्येक खाझने खाऱ्या पाण्याखाली गेली.

पनवेल परिसरावर मात्र समुद्राआधी शहर आले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन झाले, त्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. शेतांवर मुरमाचा भराव पडला आणि वसाहती उठल्या. २००५ च्या जुलैतील पुरात गाढीचे पाणी वस्तीत शिरले, तेव्हा ही जमीन मुळात कशाची होती याची आठवण पाण्यानेच करून दिली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी याच पट्ट्यात विमानतळाचे उद्घाटन झाले. आमची घरेही या बदलातूनच मिळाली आहेत. तेव्हा दोष दुसऱ्याच्या पदरात टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही.

जी शेती उरली आहे, तिच्यापुढे आणखी एक पेच आहे. खांड दुरुस्त न झालेल्या शेतात भरतीबरोबर कांदळवन उगवते. ते किनाऱ्याचे रक्षण करते आणि २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याला संरक्षण आहे, ते योग्यच आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर शेत आणि डोळ्यांपुढे तिवरे, त्या कुटुंबाचे काय? वेळेवर बुजवलेले एक बीळ हा पेच टाळू शकले असते.

मोजण्याची साधने आज हाताशी आहेत. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत क्षारता आणि सेंद्रिय कर्ब यांसह बारा बाबी तपासून दिल्या जातात. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढून पृथ्वीची निगा ही श्रद्धेचीच बाब असल्याचे सांगितले. परंतु पत्रिका खार किती आहे तेवढेच सांगते. बांधावर जायला माणसेच लागतात.

वसई, उत्तन, रायगड किंवा गोव्यात ज्या कुटुंबांची थोडीफार जमीन आहे, त्यांनी खार भरात असताना, एप्रिल-मेमध्ये, मातीचा नमुना तपासून घ्यावा आणि पावसाच्या तोंडावर शेजाऱ्यांना घेऊन बांधाची फेरी करावी. ज्यांच्याकडे जमीन उरलेली नाही, त्यांनी निदान आगेऱ्याला येणारी कणसे कोणाच्या शेतातून आली हे विचारावे आणि पुढच्या जूनच्या आधी एक दिवस त्या शेतकऱ्याच्या बांधावर घमेले उचलायला जावे. वेदीवर ठेवलेल्या कणसात आपलाही घाम असला, तर आपले आभारमानणे पूर्ण होईल.