थेंबभर डिझेल

१९९४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नांगरट निम्मी झालेली, वळीव कधी कोसळेल याचा नेम नाही, आणि आमचा जुना ट्रॅक्टर काळाभोर धूर ओकायला लागला. नुसता चालू ठेवला तरी सगळं अंग थरथरायचं, नांगर लावला की मान टाकायचा. गावातल्या मिस्त्रीने सायलेन्सरकडे बघूनच निकाल दिला, "अण्णा, हाफ इंजिन करावं लागंल." म्हणजे हेड उतरवा, पिस्टन, रिंगा, लायनर बदला. माझ्या हॉस्टेलसाठी ठेवलेले पैसे अण्णांनी ट्रंकेतून काढून मोजायला घेतले.

त्या धुराचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला, रुडॉल्फ डिझेलबद्दल वाचताना. (हो, डिझेल हे माणसाचं आडनाव. आमच्या काकांना हे अजून पटत नाही!) १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा जर्मन इंजिनिअर. त्याची कल्पना ऐकायला सोपी : हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते, आणि त्यात इंधन सोडलं की ठिणगीशिवाय पेट घेतं. १८९३ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याने पहिल्यांदा इंधन सोडलं तेव्हा स्फोट होऊन मोजमापाचं उपकरणच उडालं. चालणारं इंजिन व्हायला १८९७ उजाडलं. ते आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.

त्याला छळलं ते इंधन आत सोडण्याच्या कामाने. विचार करा, आमच्यासारख्या चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरला, १५०० फेऱ्यांवर, प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ७५० वेळा इंधन जायला हवं. दरवेळी जेमतेम थेंबभर, तेही धुक्यासारखं बारीक आणि नेमक्या क्षणाला. डिझेलला ते नुसत्या पंपाने साधेना. शेवटी जास्त दाबाच्या हवेच्या झोताबरोबर त्याने इंधन आत फुंकलं. त्यासाठी इंजिनाला कॉम्प्रेसरचं धूड जोडावं लागे. कारखान्यात, जहाजावर ते खपलं. शेतात कोण नेणार?

डिझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला. पुढे काहींनी आपापले पंप बनवले, पण रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७ साली पंपांचं मोठं उत्पादन सुरू केलं आणि छोटं, वेगवान डिझेल इंजिन ट्रक-ट्रॅक्टरवर बसवणं सोपं झालं. या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढी. केसही त्यापुढे दोरखंड! आपल्याकडे १९५१ साली बंगलोरला निघालेल्या मायकोमुळे हे काम देशात रुजलं. गावाकडे 'मायकोचं नोझल' हा शब्द कंपनीचं नाव बदलल्यावरही टिकून आहे.

तर, सगळी मेख त्या थेंबात. फवाऱ्याऐवजी धार पडली की डिझेल पुरतं जळत नाही आणि काळा धूर होतो. एअर क्लीनर तुंबला तरी होतो. रिंगा जाऊन ऑइल जळत असेल तर धूर निळसर दिसतो. आमचा निळा नव्हताच.

अण्णांनी पैसे द्यायच्या आधी तालुक्याच्या पंपवाल्या मिस्त्रीला आणलं, हे नशीब. त्याने इंजिन चालू ठेवलं आणि नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून सैल केले. (हात लांब ठेवून. ती धार कातडीतून आत घुसते.) पहिल्या नटाला इंजिन अडखळलं, चौथ्यालाही. दुसऱ्या-तिसऱ्याला आवाजात काही फरकच नाही. ती दोन नोझलं तालुक्याला टेस्टरवर लावली, तर खरोखरच नळ गळावा तशी धार.

मग त्याने फिल्टर उघडला. तळाला बोटभर गाळ. "डिझेल कोण भरतं?" त्याने विचारलं.

मी भरायचो. बॅरल संपत आलं की तळचं टाकून द्यायचं, फडक्यातून गाळून ओतायचं, असं अण्णांनी दहादा बजावलं होतं. मी बॅरल तिरकं करून सगळं ओतायचो. हे घरात आज पहिल्यांदाच सांगतोय. तेव्हा मात्र मी बांधाकडे बघत राहिलो आणि अण्णाच म्हणाले, "मीच भरतो."

दोन नोझलं आणि फिल्टर बदलला. हॉस्टेलचे पैसे ट्रंकेत परत गेले, आणि वळीव यायच्या आत नांगरट उरकली.