‘चॅलेंजर’वरचा चिखल

पायातले जोडे काढून ठेवा, आज त्यांचं काही खरं नाही. साल १८७३. समुद्राचा तळ तपासायला निघालेल्या ‘चॅलेंजर’ जहाजाच्या डेकवर तुम्ही आहात, भोवती अटलांटिक आणि डोक्यावर विषुववृत्ताकडचं ऊन. फळ्यांच्या फटींतलं डांबर पाघळतंय, त्याच्या वासात धुराचा वास मिसळलाय. दोनशेच्या वर माणसं या लाकडी जहाजात कोंबलेली. हलायचं म्हटलं तरी कुणाचं तरी कोपर लागतं.

तळ खरवडणाऱ्या ड्रेजचा दोर कधीचा वर येतोय, अजून संपत नाही. तळ दोन हजार फॅदमांवर, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून खोल. दोर ओढणारं छोटं वाफेचं इंजिन असं खडखडतंय की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. अधिकाऱ्यांचा पोपट, रॉबर्ट, खोलीचे आकडे ऐकून ऐकून तेच बडबडायला लागलाय. खलाशी मात्र या कामाला विटलेत. वर येऊन येऊन येणार काय, तर चिखल! एखादा मासा आलाच तर तोही बाटलीत जायचा, ताटात नाही.

आला! धपकन डेकवर पडला. घाला हात. अंग उन्हानं भाजतंय आणि हा गाळ गारढोण! मळकट पांढरा, चिकट. बोटांत चोळलात तर बारीक रव्यासारखं काहीतरी कचकचतं.

चिमूटभर घेऊन प्रयोगशाळेत चला. बहुतेक तोफा काढून तिच्यासाठी जागा केली आहे. आत शिरताच स्पिरिटचा भपका येतो. मोहिमेतले निसर्गतज्ज्ञ मरेसाहेब सूक्ष्मदर्शक तुमच्यापुढे सरकवतात. लावा डोळा. फुगीर कप्पे एकमेकांना चिकटलेली चुन्याची इवली कवचं: ग्लोबिजेरिना. हे जीव तळाशी राहतात, असं मोहिमेचे प्रमुख थॉमसन मानत होते. मरे दुसरी काच ठेवतात. हे नमुने वरच्या पाण्यातून जाळं ओढून धरलेले. कवच तेच, पण भोवती केसाहून बारीक काटे आणि आत जीव. म्हणजे तळाचा हा गाळ वरून पडलाय! थॉमसनना मत बदलावं लागलं.

खरी मेख पुढे आहे. अशा कवचवाल्या जीवांच्या गार पाण्यातल्या जाती वेगळ्या, उबदार पाण्यातल्या वेगळ्या. मग जुन्या थरात जशा जाती निघतील, तसं त्या काळचं वरचं पाणी. तुमचा ड्रेज वरवरच खरवडतो. पुढे लांब नळ्यांनी खोलचे थर काढले गेले आणि १९३५ मध्ये वोल्फगांग शॉट यांनी दाखवलं की याच अटलांटिकच्या गाळात उबदार पाण्यातली मेनार्डी ही जात एका थरापुरती गायब आहे. तो थर हिमयुगाचा.

आपल्या अरबी समुद्रात तर मोसमी वारेही असे वाचता येतात. नैर्ऋत्येचे वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्याशी खालचं गार, पोषक पाणी वर येतं आणि बुलॉइडीस ही जात बेसुमार वाढते. थरात तिची कवचं भरपूर, तर त्या काळी वारेही जोरदार.

पण जहाज तिकडे वळवा म्हणून कॅप्टन नेअर्सना गळ घालू नका. अरबी समुद्र या मोहिमेच्या वाटेत नाही. शिवाय डेकवर ढीगभर चिखल पडलाय, आणि तो धुवायची पाळी तुमची आहे.