जॅझ संगीतातील स्त्रिया : काम आणि नाव



संगीतावर बोलायचे तर गवयाला बोलवावे किंवा संगीताच्या प्राध्यापकाला, असा व्याख्यानमालांचा रिवाज आहे. यंदा चालकांनी कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले आहे, तेव्हा आमचा अधिकार किती, हे आधीच सांगितलेले बरे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही शिकलो ते गेटसभांत, पगारपत्रकांत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. जॅझची ओळखही अशाच एका दुकानात झाली. तिथे मिळालेल्या जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनावर पाच वादकांची नावे होती. कॉर्नेट वाजवणारा लुई आर्मस्ट्राँग आम्हांला नावाने ठाऊक होता. पियानोपुढे मात्र एका बाईचे नाव होते, आणि ते आम्ही कधी ऐकलेले नव्हते. ज्याचा जन्म संघटनेच्या कामात गेला, त्याला अशा वेळी एकच प्रश्न सुचतो. हिने काम काय केले, आणि हिच्या पदरात काय पडले?

या प्रश्नाच्या मागे जाता जाता ज्या स्त्रिया आमच्या आवडीच्या झाल्या, त्यांचा इतिहास आज थोडक्यात सांगणार आहोत.

जॅझ म्हणजे काय, याविषयी दोन शब्द. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः न्यू ऑर्लिअन्स शहरात, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलानातवंडांनी हे संगीत घडवले. ठरलेली एक चाल घ्यायची आणि तिच्या चौकटीत राहून प्रत्येक वादकाने जागच्या जागी नवे काही रचायचे, ही त्याची रीत. बंदिशीच्या आधाराने ख्याल फुलवणारे गायक ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे समजायला अडचण पडू नये. मुंबईशीही या संगीताचे जुने नाते आहे. १९२० नंतरच्या दशकात शिकागोच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगबरोबर पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. अशा वृंदांतून गोव्याच्या कितीतरी वादकांनी जॅझ उचलले आणि तेथून ते आपल्या सिनेसंगीतात आले.

आता त्या पियानोवाल्या बाईकडे वळू. लिल हार्डिन हिचा जन्म १८९८ साली मेंफिस शहरात झाला. फिस्क विद्यापीठात काही काळ शिकून १९१८ साली ती शिकागोस आली आणि स्वरलिपीच्या छापील प्रती विकणाऱ्या दुकानात नोकरीस लागली. गिऱ्हाइकाने मागितलेली चाल पियानोवर वाजवून दाखवायची, हे काम. पगार आठवड्याला ३ डॉलर. थोड्याच दिवसांत एका वाद्यवृंदाने तिला आठवड्याला साडेसत्तावीस डॉलरांवर घेतले. दुकानदार तिच्या बोटांचा मोबदला किती देत होता, हे यावरून ताडता येईल.

पुढे ती किंग ऑलिव्हरच्या प्रख्यात वृंदात आली. १९२२ साली त्याच वृंदात न्यू ऑर्लिअन्सहून एक लाजाळू तरुण दाखल झाला. तोच लुई आर्मस्ट्राँग. १९२४ साली दोघांचे लग्न झाले. ऑलिव्हरच्या हाताखाली तू कायमचा दुय्यम राहशील, असे नवऱ्याला बजावून तिने त्याला तेथून बाहेर काढले. तो न्यूयॉर्कला गेला. १९२५ साली त्याला शिकागोला परत आणताना ड्रीमलँड नावाच्या नाचघराच्या मालकाशी लिलने स्वतः बोलणी केली, आठवड्याला ७५ डॉलर ठरवले आणि जाहिरातीत त्याला ‘जगातील सर्वश्रेष्ठ कॉर्नेटवादक’ म्हणवले. वाटाघाटींच्या टेबलावर आमची हयात गेली आहे. असा प्रतिनिधी मिळता तर आम्ही त्याला डोक्यावर घेतले असते.

त्याच वर्षीच्या १२ नोव्हेंबरला ‘हॉट फाइव्ह’ या संचाच्या ध्वनिमुद्रणाला आरंभ झाला. जॅझचा इतिहास या रेकॉर्डींवाचून लिहिता येत नाही. पियानो लिलचा, आणि काही रचनाही तिच्याच. ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’ ही १९२७ सालची रचना आज जगभर वाजते. पण तिच्यावरचा हक्क पदरात पाडून घेण्यासाठी लिलला कोर्टात जावे लागले. १९३८ साली त्यांचा घटस्फोट झाला. जुलै १९७१ मध्ये लुई वारला आणि ऑगस्टच्या २७ तारखेला शिकागोत त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात पियानो वाजवता वाजवता लिल कोसळली, ती पुन्हा उठली नाही. पुष्कळ वर्षे पुस्तकांत तिची ओळख ‘आर्मस्ट्राँगची दुसरी पत्नी’ अशीच होत राहिली.

दुसरी मेरी लू विल्यम्स. जन्म १९१०, अटलांटा, बालपण पिट्सबर्गमध्ये. कॅन्सस सिटीच्या अँडी कर्कच्या वृंदात ती पियानो वाजवी, आणि त्याहून मोठे काम म्हणजे वृंदासाठी वाद्यसंयोजन करी. बारा-पंधरा वादकांपैकी कोणी केव्हा काय वाजवायचे, हे रात्र रात्र बसून कागदावर उतरवायचे काम. आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यांसाठी हेच काम अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांनी केले. गाणे सगळ्यांच्या ओठी असते, संयोजकाचे नाव थोड्यांनाच ठाऊक असते. १९३७ साली बेनी गुडमनच्या वृंदाने ‘रोल एम’ वाजवून लोकांना नाचवले, ते मेरी लूने लिहिलेले होते. ड्यूक एलिंग्टनसाठीही तिने लिहिले. गुडमनने तिला केवळ आपल्यासाठी लिहिण्याचा करार देऊ केला. तिने तो नाकारला. एका मालकाशी बांधून घेण्यापेक्षा चार ठिकाणी काम विकणे तिला बरे वाटले.

१९४५ साली बारा राशींवर रचलेली तिची ‘झोडिॲक स्वीट’ ही मालिका न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये सादर झाली. त्या काळात हार्लेममधले तिचे घर म्हणजे तरुण वादकांची शाळा होती. थेलोनिअस माँक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी हे जॅझला नवे वळण देणारे लोक तेथे जमत आणि आपली नवी कामे तिला ऐकवीत. १९५४ साली पॅरिसमध्ये तिने एकाएकी वाजवणे सोडले. परत आल्यावर ती धर्माकडे वळली, आणि व्यसनांत व दारिद्र्यात सापडलेल्या वादकांसाठी एक निधी उभारून त्याच्या खर्चासाठी जुन्या वस्तूंचे दुकान चालवू लागली. १९५७ साली ती पुन्हा रंगमंचावर आली. पुढे तिने स्वतःची प्रकाशनसंस्था आणि रेकॉर्ड कंपनीही काढली. संगीत कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न तिला नीट कळला होता. १९७७ पासून १९८१ साली मृत्यू येईपर्यंत ती ड्यूक विद्यापीठात शिकवीत होती.

आता एकटीदुकटीची नव्हे, तर एका टोळीची हकीकत. मिसिसिपी राज्यातील पायनी वुड्स या गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेने निधी जमवण्यासाठी मुलींचा एक वाद्यवृंद काढला. नाव ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’. मुली गावोगाव वाजवीत आणि पैसा शाळेकडे जाई. १९४१ साली त्यांनी शाळेशी संबंध तोडला आणि स्वतंत्रपणे धंदा सुरू केला. आमच्या भाषेत याला संप म्हणतात. ॲना मे विनबर्न ही त्यांची नायिका. ट्रंपेटवर टायनी डेव्हिस, सॅक्सोफोनवर व्हाय बर्नसाइड. पुढे वृंदात गोऱ्या मुलीही आल्या. दक्षिणेत काळ्यागोऱ्यांनी एकत्र बसणे, जेवणे कायद्याने गुन्हा होता. म्हणून गोऱ्या मुली चेहऱ्याला गडद रंग फासून रंगमंचावर बसत, आणि हॉटेलात जागा मिळत नसल्याने साऱ्याजणी बसमध्येच झोपत. १९४५ साली युरोपातल्या कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांपुढे त्यांनी दौरा केला. महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा कारखान्यांप्रमाणे वाद्यवृंदांतही बायकांना जागा झाली. युद्ध संपले, पुरुष परतले आणि जागा आटली. १९४९ च्या सुमारास हा वृंद मोडला.

येथे आमच्याच पंथाबद्दल एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत वादकांची कामगार संघटना होती आणि ती बलाढ्य होती. १९४२ साली तिने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकून मोठमोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना नमवले. पण त्याच संघटनेच्या शिकागोत दोन शाखा होत्या. गोऱ्यांची १० क्रमांकाची आणि काळ्यांची २०८ क्रमांकाची. त्या एक व्हायला १९६६ साल उजाडले. मालकाशी लढणाऱ्याच्या हातून स्वतःच्या घरात अन्याय होत नाही, असे समजण्याचे कारण नाही.

शेवटी बिली हॉलिडे. १९१५ ते १९५९ असे चव्वेचाळीस वर्षांचे आयुष्य. तिचा आवाज मोठा नव्हता, फार वरपर्यंत जातही नव्हता. परंतु शब्द तालाच्या किंचित मागे ठेवून ती असे म्हणे, की ऐकणाराच्या छातीत तो अडकावा. ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे तिचे १९३९ सालचे गाणे जमावाने काळ्या माणसांना झाडावर फाशी देण्याच्या अत्याचारावर आहे. ते लिहिले एबल मीरोपोल या शाळामास्तराने आणि कविता म्हणून ते प्रथम छापून आले १९३७ साली न्यूयॉर्कच्या शिक्षक संघटनेच्या मासिकात. संघटनेचे मासिक कोण वाचतो, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिच्या नेहमीच्या कंपनीने हे गाणे मुद्रित करण्यास नकार दिला, तेव्हा तिने ते कमोडोर या लहान कंपनीकडे केले.

१९४७ साली अमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला तुरुंगवास झाला, आणि त्याबरोबर तिचा परवाना गेला. न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९६७ पर्यंत असा नियम होता, की जेथे मद्य विकले जाते तेथे काम करणाऱ्या कलावंताजवळ पोलिसांनी दिलेले ओळखपत्र हवे. सुटून आल्यावर मार्च १९४८ मध्ये तिने कार्नेगी हॉलमध्ये खच्चून भरलेल्या श्रोत्यांपुढे गायन केले. मात्र ज्या लहान क्लबांतून पोट चालायचे, त्यांची दारे तिला बंद होती. सन्मान पदरात आणि रोजगार हातचा गेलेला, असा हा प्रकार. तिच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींचा मोबदला एकरकमी मिळाला होता. त्या पुढे कितीही खपल्या तरी तिला त्याचे काही नव्हते. ती गेली तेव्हा बँकेतल्या खात्यात ७० सेंट होते, असे सांगतात.

हे सर्व परदेशातले आणि जुने, असे म्हणून आपण सुटू शकतो. आम्हीही सुटलो असतो. पण सुमारे वीस वर्षांपूर्वी एका लढ्यात बोनसचे कोष्टक आमच्या कचेरीतल्या एका ताईंनी तयार केले. कंपनीच्या ताळेबंदावरून तीन रात्री जागून त्यांनी काढलेल्या आकड्यांवर आम्ही वाटाघाटी जिंकल्या. विजयाची पुस्तिका निघाली. तीत आमचा फोटो होता, सात पदाधिकाऱ्यांची नावे होती, ताईंचे नव्हते. पुस्तिका पाहून त्या इतकेच म्हणाल्या, “दादा, नाव नाही तर नाही, पण कोष्टक छापायच्या आधी मला दाखवायचे तरी. तिसऱ्या ओळीतला आकडा चुकलाय.” आकडा खरोखरच चुकला होता. काम करणाऱ्याचे नाव गाळले, की कामाची तपासणी करणाराही गळतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. पुस्तिका पुन्हा छापली तेव्हा आकडा सुधारला आणि नावही घातले.

जॅझमध्येही ही दुरुस्ती चालू आहे. वादक ज्या स्वरलिपींच्या संग्रहावरून शिकतात, त्यांत बहुतेक साऱ्या रचना पुरुषांच्या असतात. हे पाहून टेरी लिन कॅरिंग्टन या तालवादिकेने २०२२ साली १०१ रचनांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यातली प्रत्येक रचना स्त्रीची आहे, आणि पहिल्या पिढीची प्रतिनिधी म्हणून लिल हार्डिनही त्यात आहे. शिकागोच्या दुकानात ती दुसऱ्यांच्या स्वरलिपी वाजवून दाखवी. आज कोणी विद्यार्थी तिची स्वरलिपी पुढे ठेवून वाजवतो.

श्रोतेहो, घरी गेल्यावर या बायकांची एखादी रेकॉर्ड अवश्य ऐका. ऐकताना वेष्टनावरची बारीक अक्षरातली नावेही वाचा. आणि उद्या आपल्या मंडळाचा, संस्थेचा, पतपेढीचा अहवाल छापायला जाईल, तेव्हा त्यातली नावे एकदा मोजून पाहा. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.