शेणाचा हिशोब: वाड, नाडेपकाका आणि आपली मिरची

आजचा भाग शेणावर आहे. हसू नका, यात मिरची आहे आणि एक विसरलेलं नावही आहे.

मिरची मूळची आपली नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून आणली, गोव्याच्या वाटेने. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी. पण हे नवं पीक पोसलं गेलं जुन्याच खतावर: शेणखत आणि लेंडीखत. देशावरचे धनगर पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरायचे. रात्री शेतात मेंढ्या बसवायच्या आणि शेतकऱ्याने बदल्यात धान्य द्यायचं. म्हणजे खताला तेव्हाही भाव होता!

अडचण एकच, शेण पुरायचं नाही. बरंचसं गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. उरलेलं कच्चंच शेतात टाकलं, तर हुमणी आणि तण ठरलेलं.

यावर होळकरांच्या इंदूरमध्ये काम झालं. १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या संशोधन संस्थेत एक पद्धत बसवली गेली: काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, मधूनमधून ढीग उलथायचा, साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ च्या पुस्तकावर दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. जगाला हॉवर्ड आठवतात. वाड यांचं नाव किती जणांनी ऐकलंय?

पुढचं पाऊल यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचं. तिथले नारायण पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका. त्यांनी भोकं ठेवलेल्या विटांचं टाकं बांधलं. हवा आपोआप खेळते, त्यामुळे ढीग उलथायची गरज नाही. काडीकचरा आणि मातीच्या जोडीला फक्त १०० किलोच्या आसपास शेण, आणि तीन-चार महिन्यांनी खत निघतं सुमारे ३ टन.

आता गणित करा. मिरचीला हेक्टरी साधारण २० टन शेणखत घालतात. तेवढं खत सात टाक्यांत होतं, म्हणजे शेण लागतं ७०० किलो. ज्याच्याकडे दोनच गुरं आहेत, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आपल्या दिघ्यात एमआयडीसी आणि चाळींच्या मध्ये शेत कुठलं, कुंडीच असते. तिच्यात मिरची लावाल तेव्हा ताजं शेण घालू नका. काळं, भुसभुशीत, मातीसारखा वास येणारं खत घ्या. त्या पिशवीवर वाडांचं नाव छापलेलं नसेल, म्हणून इथे सांगितलं.