मोहाची दारू

वाळवलेल्या मोहफुलांपासून गाळलेले मद्य. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील गोंड व कोलाम समाजांत तिचे स्थान जुने आहे. देवाला आधी धार, मग माणसांना. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटपणारी पिवळट, गुबगुबीत फुले वेचून उन्हात तांबूस होईपर्यंत वाळवतात. साखर भरपूर असल्याने पाण्यात काही दिवस भिजवली की ती आंबतात; मग मडक्यात उकळून वाफ थंड करतात. पहिली धार सर्वांत कडक. चवीला किंचित गोडसर, वासाला उग्र. चुलीचा धूरही त्यात उतरतो. स्कॉच व्हिस्कीला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरावे लागते. मोहाला ती चैन नाही, ती बहुधा ताजीच संपते. तरी तिला हलकी म्हणणे हा अडाणीपणाच.

मुंबई अबकारी कायदा, १८७८ सारख्या ब्रिटिश कायद्यांनी घरगुती गाळपावर टाच आणली. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला. परवान्याविना गाळणे आजही गुन्हा आहे. फुले वेचण्या-साठवण्यावरील निर्बंध मात्र महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये उठवले.