तोल व चाल यांची वैद्यकीय परीक्षा

उभे राहणे, बसणे, वळणे व चालणे या क्रियांचे निरीक्षण व मापन करून शरीरातील रोग, विकासातील विलंब किंवा पडण्याचा धोका ओळखण्याची पद्धती. शरीराचा तोल तीन प्रकारच्या संवेदनांवर अवलंबून असतो : दृष्टी, अंतर्कर्णातील संतुलनेंद्रियाकडून मिळणारी माहिती आणि सांधे, स्नायू व तळपाय यांतून मेरुरज्जूमार्गे मेंदूकडे जाणारी स्थितिसंवेदना. अनुमस्तिष्क (लहान मेंदू) या माहितीचा मेळ घालतो व त्यानुसार स्नायूंचे कार्य घडून येते. यांपैकी एक दुवा निखळला, तरी इतर दुवे बराच काळ ती उणीव झाकून ठेवतात. ही झाकलेली उणीव साध्या उपायांनी उघड करणे, हेच या परीक्षेच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

चालीवरून रोगनिदान : लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये कंपवातावर प्रसिद्ध केलेला निबंध मोजक्या रुग्णांवर आधारलेला होता व त्यांतील काही रुग्ण त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले होते. पुढे झुकलेले धड आणि चालता चालता आपोआप धावू लागण्याची प्रवृत्ती ही लक्षणे त्यांनी नुसत्या निरीक्षणाने टिपली. इंग्रज वैद्य मार्शल हॉल यांनी 1836 मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले की, जो जमिनीकडे पाहत असताना नीट चाले. परंतु अंधारात त्याचा तोल जाई. बर्लिनचे मोरिट्स हाइन्रिख रोम्बेर्ख यांनी 1840–46 या काळात प्रसिद्ध झालेल्या तंत्रिकारोगांवरील आपल्या ग्रंथात या लक्षणाला परीक्षेचे रूप दिले. रुग्णास पाय जुळवून उभे करावयाचे व डोळे मिटावयास सांगावयाचे. तो डोलू लागला किंवा पडू लागला, तर त्याची स्थितिसंवेदना बिघडली आहे असे समजावयाचे. उपदंशामुळे मेरुरज्जूच्या पश्चभागाचा ऱ्हास झालेले रुग्ण त्या काळी पुष्कळ असत. तोंड धुताना डोळे मिटले की असे रुग्ण पुढे कोसळत. पेनिसिलिनच्या वापरानंतर हा विकार विरळ झाला, तरी परीक्षा टिकून राहिली. कारण ब-12 जीवनसत्त्वाची न्यूनता, मधुमेहजन्य तंत्रिकाविकार इत्यादींतही हेच चिन्ह आढळते. डोळे उघडे असतानाही रुग्ण डोलत असेल, तर दोष बहुधा अन्यत्र, विशेषतः अनुमस्तिष्कात, शोधावा लागतो.

अनुमस्तिष्काचा हालचालींच्या सुसूत्रतेशी असलेला संबंध फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक प्येअर फ्लूरांस यांनी कबुतरांवरील प्रयोगांनी 1824 मध्ये दाखविला होता. माणसातील त्याचा सविस्तर पुरावा मात्र पहिल्या महायुद्धात मिळाला. बंदुकीच्या गोळ्यांनी अनुमस्तिष्कास इजा झालेल्या सैनिकांची गॉर्डन होम्झ यांनी पद्धतशीर तपासणी केली व 1917 मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली.

अंतर्कर्ण : घेरी येणे हा मेंदूतील रक्ताधिक्याचा परिणाम मानण्याची पूर्वी प्रथा होती. पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेन्येअर यांनी 1861 मध्ये तिचे मूळ अंतर्कर्णात असू शकते असे प्रतिपादन केले. व्हिएन्नाचे रॉबेर्ट बारानी यांना कान धुताना असे आढळले की, पाणी गार असल्यास बुबुळे एका दिशेने व ऊन असल्यास विरुद्ध दिशेने हेलकावतात. यावरून त्यांनी प्रत्येक कानाची स्वतंत्रपणे तपासणी करणारी परीक्षा तयार केली. या विषयातील कार्याबद्दल त्यांना 1914 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी ते रशियात युद्धकैदी होते [⟶ कान].

चालीचे मापन : व्हिल्हेल्म व एडुआर्ट व्हेबर या बंधूंनी 1836 मध्ये मानवी चालीच्या यामिकीवर ग्रंथ लिहिला. पुढे झुलणारा पाय लंबकाप्रमाणे केवळ गुरुत्वाकर्षणाने हलतो, असे त्यांचे मत होते. छायाचित्रणाने ते तपासणे शक्य झाले. फ्रान्समध्ये एत्येन झ्यूल मारे यांनी चालत्या माणसाच्या क्रमिक अवस्था एकाच पट्टिकेवर टिपल्या, तर एडवर्ड मायब्रिज यांच्या 1887 मधील चित्रसंग्रहात फिलाडेल्फिया येथील रुग्णांच्या विकृत चालीही समाविष्ट झाल्या. लाइपसिकचे व्हिल्हेल्म ब्राउने व ओट्टो फिशर यांनी चालणाऱ्याच्या अवयवांवर प्रकाशनलिका बांधून घेतलेल्या छायाचित्रांवरून चालीचे त्रिमितीय गणित मांडले (1895–1904). पाय झुलताना स्नायूही कार्य करतात, हे त्यावरून सिद्ध झाले व लंबकाची कल्पना मागे पडली. आधुनिक प्रयोगशाळांतील कॅमेरे, बलमापक फलक व संगणक हे याच पद्धतीचे विकसित रूप होय.

बालकांची परीक्षा : मुलाची परीक्षा प्रौढापेक्षा वेगळी असते, कारण मूल सूचना पाळतेच असे नाही, शिवाय वयाप्रमाणे ‘प्राकृत’ या शब्दाचा अर्थही बदलतो. नुकते चालू लागलेले मूल पाय फाकवून, हात वर धरून व सपाट पाऊल टाकत चालते. हीच चाल पाच वर्षांच्या मुलात आढळली, तर ती विकृती ठरते. अमेरिकेत डेव्हिड सदरलंड व सहकारी यांनी एक ते सात वर्षे वयाच्या 186 निरोगी मुलांची चाल मोजली (1980). प्रौढ चालीची प्रमुख वैशिष्ट्ये सामान्यतः तिसऱ्या वर्षापर्यंत दिसू लागतात, असे त्यांना आढळले.

बालकांच्या परीक्षेतील सर्वांत परिचित चिन्ह विल्यम गॉवर्स यांच्या नावाने ओळखले जाते. फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनी 1868 मध्ये सविस्तर वर्णिलेल्या आनुवंशिक स्नायुरोगात मुलाच्या पोटऱ्या पुष्ट दिसतात, पण कंबर व मांड्या यांचे स्नायू दुबळे होत जातात. जमिनीवरून उठताना असे मूल प्रथम हातापायांवर येते व मग हात क्रमाने गुडघ्यांवर व मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्याप्रमाणे उभे राहते. गॉवर्स यांनी 1879 मध्ये याचे विवेचन केले. ही परीक्षा करण्यास जमिनीखेरीज काहीही लागत नाही. तरीही ‘मूल जरा आळशी आहे’ किंवा ‘उशिरा चालणारे आहे’ या समजुतीमुळे निदानास विलंब होतो. रोग मातेकडून येण्याचा संभव असल्याने, दरम्यान त्याच घरात दुसरे रोगग्रस्त मूल जन्मास येऊ शकते.

चालण्यास उशीर झाला असे केव्हा म्हणावयाचे, हा प्रश्न प्रमाणांचा आहे. आर्नल्ड गेझेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार केलेली विकासमापने अमेरिकन मुलांवर आधारलेली होती. भारतीय बालकांसाठी स्वतंत्र मापनश्रेणी बडोदे येथे प्रमिला फाटक यांनी सिद्ध केली (1970). तिची सुधारित आवृत्ती 1997 मध्ये निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या देशांतील निरोगी मुलांच्या निरीक्षणांवरून आधाराविना चालण्याचा कालावधी 8.2 ते 17.6 महिने असा दिला. ही कक्षा इतकी रुंद आहे की, शेजारच्या मुलाशी केलेली तुलना निरुपयोगी ठरते. मात्र अठरा महिन्यांनंतरही न चालणाऱ्या मुलाची तपासणी टाळणे समर्थनीय ठरत नाही.

वृद्धांची परीक्षा : वृद्धांचे पडणे हा दीर्घकाळ वयाचा स्वाभाविक परिणाम किंवा निव्वळ अपघात मानला जाई. इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथील वैद्य जे. एच. शेल्डन यांनी 1960 मध्ये 202 व्यक्तींच्या 500 पतनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठेच लागणे, जिने, घेरी, मान मागे टाकणे, उभे राहताच रक्तदाब उतरणे अशी पतनांची निरनिराळी कारणे त्यातून पुढे आली. कारणे आहेत म्हणजे त्यांवर उपायही असू शकतात, हा विचार येथून बळावला.

पुढील काळात खाटेजवळ करता येतील अशा परीक्षा निघाल्या. 1986 मध्ये मेरी टिनेटी यांची तोल व चाल यांची गुणश्रेणी, तसेच मथायस, नायक व आयझॅक्स यांची ‘उठा व चाला’ ही परीक्षा प्रसिद्ध झाली. या दुसऱ्या परीक्षेला माँट्रिऑल येथे 1991 मध्ये घड्याळाची जोड मिळाली : खुर्चीतून उठून 3 मीटर चालावयाचे, वळून परत यावयाचे व बसावयाचे. निरोगी वृद्धास यास सुमारे 10 सेकंद लागतात. कॅथरिन बर्ग यांच्या श्रेणीत (1989) 14 कृती व एकूण 56 गुण आहेत. कोणत्याही एका परीक्षेवरून पुढील पतन निश्चितपणे वर्तविता येत नाही. म्हणून औषधे, दृष्टी, रक्तदाब, पादत्राणे व घराची रचना यांचाही विचार करावा लागतो. टिनेटी व सहकारी यांनी 1994 मध्ये अशा सर्वांगीण उपायांची चाचणी घेतली. एका वर्षात उपाय केलेल्या गटातील 35%, तर दुसऱ्या गटातील 47% वृद्ध पडले. चालण्याचा वेग व पुढील आयुर्मान यांचा संबंध 34,485 वृद्धांच्या एकत्रित माहितीवरून 2011 मध्ये दाखविण्यात आला.

या परीक्षा खुर्चीवरून उठण्यावर आधारलेल्या आहेत. आपल्याकडे जेवण, पूजा व गप्पा यांसाठी मांडी घालून जमिनीवर बसणाऱ्या वृद्धाची खरी कसोटी जमिनीवरून उठताना लागते. ज्या कृतीवरून गॉवर्स यांनी मुलांचा रोग ओळखला, तीच कृती येथे वृद्धांच्या परीक्षेतही उपयुक्त ठरण्याजोगी आहे. मात्र ती करताना परीक्षकाने जवळ उभे राहून आधार देण्याची तयारी ठेवणे अवश्य असते.