उपदेश आणि त्याचे कारण : पुन्हा भरता येणाऱ्या घटांची कथा



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात विद्युत्घटांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. विजेचे शास्त्र हे माझे क्षेत्र नव्हे, हे आरंभीच मान्य करतो. परंतु या घटांचा इतिहास वाचताना मला त्यात एका उपदेशाचा इतिहास दिसला. आणि शब्द व उपदेश पिढ्यान्‌पिढ्या कसे वाहत येतात, हा तर भाषेच्या अभ्यासकाचाच विषय आहे. ‘सेल पूर्ण उतरू द्यावा, मगच चार्ज करावा’ हा तो उपदेश. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो आजही पाळला जातो. तो कोठून आला, कोणत्या घटाला लागू होता आणि आज त्याचे काय करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘बॅटरी’ हा मूळचा तोफखान्यातला शब्द. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठविणाऱ्या, एकत्र जोडलेल्या काचपात्रांना तो लावला. आपल्याकडे आल्यावर तो विजेरीवर जाऊन बसला. ‘अंधार आहे, बॅटरी घेऊन जा’ असे आपण म्हणतो तेव्हा दिव्याविषयीच बोलत असतो. आतल्या वस्तूला आपण ‘सेल’ म्हणतो.

व्होल्टाने १८०० साली जगापुढे मांडलेल्या घटातील द्रव्ये झिजली की त्याचे काम संपे. पुन्हा भरता येईल असा, व्यवहारात टिकलेला पहिला घट गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांपासून सिद्ध केला. त्याचाच वंशज आज अनेक घरांतील इन्व्हर्टरला जोडलेला असतो. या घटाचा धर्म आपल्या उपदेशाच्या नेमका विरुद्ध आहे. तो उतरलेल्या स्थितीत पडून राहिला, तर त्याच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक बसतात आणि पुढे तो पुरता भरत नाही. म्हणून तो वापरानंतर लगेच भरावा; पाणी घालावे लागणाऱ्या प्रकारात पातळी उतरल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे नव्हे.

मग उपदेश आला कोठून? त्याचे मूळ दुसऱ्याच घराण्यात आहे. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट तयार केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो हवाबंद रूपात कॉर्डलेस फोन, दाढीची यंत्रे आणि खेळणी यांतून घरोघर पोहोचला. कृत्रिम उपग्रहांतील अशा घटांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. दर फेरीला ठराविक मर्यादेपर्यंतच उतरवून पुन्हा भरत गेले, तर त्या मर्यादेपुढे घटाचा विद्युत्‌दाब अकाली घसरे. घटाला जणू आपली सवय आठवत असे! या दोषाला ‘स्मृती’ म्हणू लागले. पूर्ण उतरवून भरल्यास ती बहुधा पुसली जाई. वस्तुतः घरगुती वापरात इतकी काटेकोर पुनरावृत्ती क्वचितच घडे. तेथे अधिक हानी होई ती घट दिवसचे दिवस चार्जरवर ठेवल्याने. परंतु नाव मनात ठसणारे होते. परिणामी सर्व दोषांचे खापर स्मृतीवर फुटले आणि उपदेश रूढ झाला.

पुढे घट पालटले. १९९० च्या सुमारास निकेल-मेटल हायड्राइड घट बाजारात आले. आज पेन्सिल सेलच्या आकारात मिळणारे, पुन्हा भरता येणारे सेल बहुतांशी याच जातीचे असतात. त्यांत ‘स्मृती’ अगदी क्षीण असते. २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा रिकामा सेल २०० मिलिअँपिअरच्या साध्या चार्जरवर भरण्यास सुमारे १४ ते १६ तास लागतात. त्यापुढे दिलेली वीज उष्णता होऊन सेललाच जाळते. म्हणून भरताच आपोआप थांबणारा चार्जर श्रेयस्कर. नवे-जुने वा निरनिराळ्या जातींचे सेल एकत्र घालू नयेत. त्यांतला दुर्बळ सेल आधी रिकामा होतो, इतर सेल त्याच्यातून उलटी वीज ढकलतात आणि तो कायमचा बिघडतो. विजेरी मंद झाली की ती विझवावी, हे त्याचसाठी.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन घट विक्रीस आणला. त्यामागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. मोबाइलमध्ये हाच घट असतो. वारंवार पूर्ण उतरविणे त्याला अपायकारक, आणि सदैव काठोकाठ भरून उन्हात वा उशीखाली तापत ठेवणेही तितकेच. थोडा उतरला की थोडा भरावा, हे त्याला मानवते. फुगलेला घट मात्र वापरूही नये आणि टोचूही नये. त्यातून आग लागू शकते.

हे मी जरा उशिरा शिकलो. कॉर्डलेस फोन घेताना दुकानदाराने केलेला उपदेश त्या फोनापुरता निराधार नव्हता. मी तो मोबाइललाही निष्ठेने लागू केला. एका रात्री घरात आजारपण उद्भवले, तेव्हा फोन मी नियमाप्रमाणे पार उतरवून ठेवलेला होता. शेजाऱ्यांना उठवावे लागले. अनर्थ टळला, पण माझी निष्ठा मला त्या रात्री लाजिरवाणी वाटली.

वर्गात मी याच प्रकारावर विद्यार्थ्यांना रागावत असे. उच्चारात न उरलेले, केवळ व्युत्पत्तीमुळे दिले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी वगळले. तरी ते टिंब कशासाठी होते हे ठाऊक नसलेले हात पुढेही ते देत राहिले. नियम पोहोचला होता, कारण वाटेत गळून पडले होते.

जुना उपदेश मूर्खपणाचा नव्हता. तो एका विशिष्ट घटासाठी होता. घट गेला, उपदेश राहिला. शाळेचे काम नियम पुढच्या पिढीच्या हाती देणे एवढेच नाही. त्याचे कारणही सोबत द्यावे, म्हणजे कारण संपेल त्या दिवशी नियम सोडण्याचे धैर्य त्या पिढीला येईल. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना ‘का?’ असे विचारणारा विद्यार्थी आवडला असता, अशी माझी श्रद्धा आहे.